किमान रकमेची पाटी

पुणे-बंगळूर महामार्गावरच्या उंब्रजसारख्या बाजारगावात एखाद्या किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी ‘क्रेडिट कार्ड 300 रुपयांच्या पुढेच’ अशी पाटी दिसली, की पुण्याहून सुट्टीला आलेल्या आपल्यातल्याच एखाद्या सुशिक्षित गृहस्थाच्या कपाळावर आठी उमटते. दुकानदार मागासलेला, नाहीतर कर चुकवणारा, असा निवाडा तो तिथेच करून टाकतो. हा निवाडा उतावळा आहे.

80 रुपयांची खरेदी घ्या. नफा शेकडा दहा धरला तर दुकानदाराला 8 रुपये सुटतात. क्रेडिट कार्डाचे शुल्क दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे 1 रुपया 60 पैसे. नफ्याचा पाचवा हिस्सा गेला. कोणी विचारील, टक्केवारी 800 रुपयांवरही तीच, मग किमान रकमेची अट कशासाठी? कारण किरकोळ गिऱ्हाईक बहुधा दूध, साखर अशा जिनसांचे असते आणि त्यांत शेकडा दहा सुटतच नाहीत. शिवाय यंत्राचे मासिक भाडे असेल, तर ते वेगळेच.

याच दुकानदाराने उसाचे बिल येईपर्यंत शेतकऱ्याचे खाते वहीत चालवले, तेही बिनव्याजी. माणूस ओळखीचा, घर माहितीचे. आता उधारी बँक देते, पॉइंट ग्राहकाला मिळतात आणि त्याचा खर्च मात्र उधारीशी संबंध नसलेल्या दुकानदाराच्या माथी बसतो. डेबिट कार्डाच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली. क्रेडिट कार्डाला ती नाही.

अर्थात दुकानदारांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. तेथे अशी अट घालण्याला काहीही आधार नाही. रुपे क्रेडिट कार्डही 2022 पासून यूपीआयला जोडता येते आणि छोट्या व्यापाऱ्याला 2000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर त्याचे शुल्क पडत नाही. म्हणजे स्वदेशी व्यवस्थेने वाट काढून दिली आहे. ती गल्ल्यावर बसणाऱ्याला आणि पिशवी घेऊन येणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असली पाहिजे. आणि अट असेलच, तर ती दारात लिहावी. सामान बांधून झाल्यावर ती ऐकवणे हा ग्राहकाचा अपमान आहे. (प्रस्तुत लेखकाने तो एकदा अनुभवला आहे, आणि चहाची पुडी परत ठेवली आहे.)

बाजारव्यवस्थेचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेने 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्यान्वये दुकानदाराला क्रेडिट कार्डासाठी 10 डॉलरपर्यंत किमान रक्कम ठरवण्याची उघड मुभा दिली. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने छोट्या दुकानदाराला अशी माफक, स्पष्ट मुभा द्यावी आणि त्याच्याकडून घेतल्या जाणाऱ्या क्रेडिट कार्डाच्या शुल्कालाही कमाल मर्यादा घालावी. तोवर 80 रुपयांसाठी कार्ड पुढे करणाऱ्याने खिशात शंभराची नोट आहे का, हे आधी पाहायला हरकत नाही.