कर्लीची बायको

२७ फेब्रुवारीला आपण कुसुमाग्रजांची जयंती मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरी करतो. जॉन स्टाइनबेक यांचा जन्मही याच तारखेचा. १९०२ सालचा, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासचा. पाठोपाठ महिला दिन येतो. मधल्या दिवसांत त्यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ सालची छोटेखानी कादंबरी पुन्हा काढावी. जॉर्ज आणि लेनी या रँचवरच्या दोन मजुरांची दोस्ती सर्वांना पाठ आहे. या खेपेला रँचमालकाच्या मुलाच्या, कर्लीच्या बायकोकडे पाहावं.

‘कर्लीची बायको’, एवढंच तिचं नाव. लेनीच्या मावशीला क्लारा हे नाव आहे, गावातल्या कुंटणखान्याची मालकीण सुझी आहे, रँचवरच्या स्लिमची कुत्रीसुद्धा लुलू आहे. रँचच्या मालकालाही नाव नाही म्हणा, पण त्याला निदान हुद्दा आहे. हिला नुसता नवरा.

लग्नाला दोनच आठवडे झालेत. ती गड्यांच्या खोलीच्या दारात उभी राहते, लाल नखं, लाल सपाता, त्यांवर शहामृगाच्या पिसांचे गोंडे. कर्लीला शोधतेय म्हणते, पण तिला हवी असतात बोलायला माणसं. ती दारात येण्याआधीच म्हाताऱ्या कँडीने तिला उठवळ ठरवून टाकलेलं असतं. शनिवारी रात्री गडी गावात जातात; मागे उरतात पाठ वाकलेला कृष्णवर्णीय क्रुक्स, एक हात गमावलेला कँडी, मतिमंद लेनी आणि ही. तिथंही तिचं कुणाशी जुळत नाही. क्रुक्सने ‘माझ्या खोलीतून जा’ म्हणताच ती त्याला झाडाला लटकवण्याची धमकी देते. एकटी पडलेली बाई गरीब गायच असते, असं स्टाइनबेक यांनी मानलं नाही, हे त्यांचं मोठेपण. जवळच्या गावाचं नाव सोलेदाद. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ एकटेपणा.

ब्रॉडवेवर ही भूमिका करणाऱ्या क्लेअर ल्यूस यांना स्टाइनबेक यांनी पत्र लिहून ही बाई समजावून सांगितली होती. संशयाच्या वातावरणात वाढलेली, माणूस म्हणून कुणीच न पाहिलेली, मुळात भली पोर. पत्रातली ही पोर पुस्तकात मात्र शेवटाकडे, तीही घाईने भेटते. हॉलिवूडहून यायचं पत्र आईने लांबवलं असा तिचा ग्रह आहे. हे ती ज्याला सांगते त्या लेनीचं चित्त सशांत. तिला नाव न देणं ही पुरुषांच्या नजरेवरची टीका आहे, असं समीक्षक म्हणतात. आम्हाला ते अर्धंच पटतं.

कारण दुसरी वाट आधीच पडलेली होती. सुझन ग्लास्पेल यांच्या १९१६च्या ‘ट्रायफल्स’ या एकांकिकेतली, नवऱ्याच्या खुनाचा संशय असलेली मिनी राइट रंगमंचावर येतच नाही. तरी शिवणाच्या डब्यात, रेशमी तुकड्यात गुंडाळलेली मान मुरगळलेली कॅनरी दोन बायकांना सापडते आणि सगळा संसार उघडा पडतो. साहेबलोक तोवर माडीवर पुरावा हुडकत असतात.

कर्लीच्या बायकोच्या वाट्याला अशा शेजारणी नाहीत. लेनीच्या हातून ती गवतात मरून पडते तेव्हा कँडी तिलाच शिव्या घालतो. स्लिम नवऱ्याला सुचवतो, तू बायकोपाशी थांब. कर्ली थांबत नाही.