आधी पाणी, मग पाळणे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात आणि परीक्षा आटोपल्या की कुटुंबांच्या. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलहून सकाळी निघालेली बस द्रुतगती मार्गाने खोपोलीजवळच्या इमॅजिकाला पोहोचते. १९८९ पासून ही गर्दी गोराईच्या एस्सेलवर्ल्डकडे वळत असे. २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले आणि तिने घाटाच्या पायथ्याची वाट धरली. तिकीट, जादा कपडे, टोपी या सगळ्यांचा विचार आधी होतो. खाण्यापिण्याचा प्रश्न मात्र ‘आत मिळेलच की’ एवढ्यावर सोडला जातो. दिवस बिघडतो तो बहुधा इथेच.

अशा उद्यानातला दिवस म्हणजे सात-आठ तासांची चाल आणि रांगांत उभे राहणे, तेही बरेचसे उन्हात. शरीर घाम वाळवून स्वतःला थंड ठेवते. दमट हवेत मात्र घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, गारवा मिळत नाही. तहान जाणवते तोवर शरीराने वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी गमावलेले असू शकते. तीस किलोच्या मुलात हे तीनशे ते सहाशे मिलिलिटर होते. खेळाच्या नादात मुले तहानेकडे लक्ष देत नाहीत. मग डोके दुखते, चिडचिड होते, मळमळते आणि दोष पाळण्याला दिला जातो.

यावर उपाय म्हणून हातात येते ते थंडगार शीतपेय. तीनशे मिलिलिटर कोलात सुमारे तीस ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. जलसंजीवनीशी तुलना केली की फरक अधिक ठळक होतो. या संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि मोजून घातलेले क्षार असतात. लिटरभर कोलात शंभर ग्रॅमहून अधिक साखर आणि मीठ जवळजवळ नाही. एवढे गोड पेय जठरातून पुढे सरकायलाही वेळ लावते. साधे पाणी, घरचे लिंबू सरबत किंवा मीठ घातलेले ताक कितीतरी बरे.

खाण्याचे गणितही असेच. वेगवान पाळण्यात डोळे एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच. या गोंधळातून मळमळ होते. त्यात तेलकट जेवण जठरात रेंगाळत असेल तर उलटी ठरलेली. म्हणून सकाळचा नाश्ता निघण्याआधी व्हावा आणि तो हलका असावा. माटुंगेकरांना त्यासाठी दूर जायला नको. वाफेवर शिजलेली, तेल नसलेली, आंबवल्यामुळे पचायला सोपी इडली इथे सकाळपासून मिळते. डब्यात न्यायची तर पोडी लावलेली इडली न्यावी, खोबऱ्याची चटणी घरीच ठेवावी. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि ओली चटणी उन्हात तापलेल्या बसमध्ये तासाभरातही बिघडू शकते.

आत खायचे असेल तर जागा निवडताना चवीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पदार्थ समोर गरम होऊन येतो का, काउंटरवर माल भरभर खपतो का आणि बसायला सावली किंवा वातानुकूलन आहे का. कापून ठेवलेली फळे, मेयोनीजचे सँडविच, सकाळपासून भरून ठेवलेल्या चटण्या टाळाव्यात. भर दुपारी अर्धा तास थंड जागेत बसून जेवणे हा शरीराला दिलेला आरामच. त्यानंतर तासभर बंदिस्त दालनातले खेळ पाहावेत, उंच पाळणे नंतर.

पण सगळा भार पालकांच्या शहाणपणावर टाकणे बरोबर नाही. माटुंगा स्टेशनजवळ १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी सुरू केलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग असो की कुठलेही साधे उडुपी हॉटेल, गिऱ्हाईक बसले की ऑर्डरआधी पाण्याचा ग्लास समोर येतो. त्याचे पैसे लागत नाहीत. जिथे माणसे दिवसभर उन्हात फिरणार हे ठाऊक असूनच तिकीट विकले जाते, तिथे पाण्यासाठी बाटली विकत घ्यावी लागणे किंवा नळ शोधत हिंडावे लागणे हे वैद्यकीयदृष्ट्या असमर्थनीय आहे.

बाहेरच्या खाण्याने कचरा होतो, विषबाधा झाली तर जबाबदारी कोणाची, असे उद्यानचालक म्हणू शकतात. त्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा अधिकार मान्य केला. पण त्याच निकालात मोफत स्वच्छ पाणी आणि तान्ह्या मुलांचे अन्न यांचा विषय वेगळा ठेवला. तीन तास थंड हवेत बसणाऱ्यांना जे मिळते, ते आठ तास उन्हात फिरणाऱ्यांना का मिळू नये? फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचे खाणे नेता येते आणि काउंटरवर मागितले तर बर्फाचे पाणी फुकट मिळते. त्यामुळे तिथली उपाहारगृहे ओस पडलेली नाहीत.

मधुमेही व्यक्तीचा मुद्दा आणखी निकडीचा. इन्सुलिन घेतलेल्या माणसाचे जेवण रांगेत तासभर लांबले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्याच्या खिशातल्या ग्लुकोजला आणि डब्याला दारात अडवता कामा नये.

शाळांच्या हाती यावरचा उपाय आहे, कारण एका आरक्षणात शेकडो तिकिटे असतात. पैसे भरण्यापूर्वी त्यांनी उद्यानाला लेखी विचारावे: मोफत पिण्याचे पाणी कुठे कुठे आहे, ते शेवटचे कधी तपासले आणि आजारी किंवा लहान मुलांचा डबा आत नेता येईल का? उत्तर समाधानकारक नसेल तर सहल दुसरीकडे न्यावी.