तारखांना जिल्ह्याची हद्द नसते

दिनविशेष जिल्ह्यापुरते लिहायची आपल्याकडे चाल आहे. साताऱ्याच्या यादीत १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक असतो, सांगलीच्या यादीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग. दोन्ही याद्या आपापल्या जागी खऱ्या. पण विसाव्या शतकात शिरताच ही वाटणी इतिहास सांगण्याऐवजी तो तोडू लागते. सातारा आणि सांगलीचे दिनविशेष एकत्र लिहायला हवेत, निदान १९४२ पासूनचे तरी, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा सप्टेंबर १९४२ चाच पाहा. ‘चले जाव’च्या ठरावानंतर तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला आणि रक्त सांडले नाही. ९ तारखेला वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मा झाले, दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात दोघे. आठवड्याभरात घडलेली ही एकच हकिकत. निःशस्त्र मोर्चाला गोळीने उत्तर मिळते हे दिसल्यावर कार्यकर्त्यांनी भूमिगत होण्याची वाट धरली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले, ते या क्रमातून. आज वडूज साताऱ्यात, तासगाव आणि इस्लामपूर सांगलीत. त्यामुळे ९ सप्टेंबर एका यादीत पडतो, ३ आणि १० दुसऱ्या. हौतात्म्य दोन्हीकडे नोंदले जाते, कार्यकारणाचा धागा मात्र कुठल्याच यादीत सापडत नाही. ७ जून १९४३ चेही तसेच. शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली ती जागा आज सातारा जिल्ह्यात, लुटणाऱ्या, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कुंडल सांगली जिल्ह्यात. हे कुंडल त्या काळी औंध संस्थानात होते, आणि औंध आजच्या साताऱ्यात!

मुळात दोन जिल्ह्यांमधली हद्द ही स्वतःच एक तारीख आहे. १ ऑगस्ट १९४९ ला सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगलीचे नाव मिळाले. त्याआधीच्या घटनांना ही रेघ ठाऊक असण्याचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की साताऱ्याला छत्रपतींची गादी, सांगलीला पटवर्धनांचे संस्थान. मग वेगळेपण पुसायचे का? पुसायचे नाही. राज्याभिषेक साताऱ्याचाच आणि नाटक सांगलीचेच. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, तेव्हा ते शहर संस्थानचीच राजधानी होते. पण तुरुंग फोडून ते ज्या चळवळीत परतणार होते, ती संस्थानच्या हद्दीत मावणारी नव्हती. म्हणून कसोटी घटनेच्या जागेची नको. तिचे कारण आणि परिणाम कुठवर पोचले याची हवी.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: दिनविशेष म्हणजे दोन ओळींचा मजकूर, त्यात कार्यकारण कुठे बसवायचे? एक ओळ वाढवून बसवता येते. १० सप्टेंबरच्या नोंदीत ‘आदल्या दिवशी वडूज, आठवड्यापूर्वी तासगाव’ एवढे आले तरी पुरे. ही सवय केवळ स्वातंत्र्यलढ्यापुरती कामाची नाही. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळते आणि खाली सांगलीच्या आयर्विन पुलाशी येते; ऑगस्ट २०१९ मध्ये तिथली पातळी ५७ फुटांवर गेली. त्या पुराची नोंद वरच्या खोऱ्यातल्या पावसाशिवाय लिहिली, तर सांगलीकराला तारीख कळेल, पूर का आला ते कळणार नाही. एकत्र दिनविशेष हवेत ते एवढ्यासाठी.