विश्लेषण : कारखाना बंद, पण कागदावर ‘स्वेच्छानिवृत्ती’! पन्नाशीतल्या कामगाराच्या हाती काय उरते?

कारखान्याला टाळे लागते तेव्हा पंचविशीतला कामगार दुसरी नोकरी शोधतो. साठीजवळच्याला एक-दोन वर्षे कशीबशी काढायची असतात. खरी कोंडी होते ती ४८ ते ५५ वयोगटाची. मुलांची शिक्षणे अर्धवट, घराचे हप्ते चालू आणि पेन्शनला अजून अवकाश. अशा वेळी पुढ्यात येणाऱ्या कागदावर ‘बंद’ लिहिले आहे, ‘स्वेच्छानिवृत्ती’ की ‘राजीनामा’, यावर पुढच्या सहा-आठ वर्षांचे गणित ठरते.

कायदा काय सांगतो?

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आधीच्या केंद्रीय कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागत असे. आता ही मर्यादा ३०० आहे. परवानगीसाठी ९० दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. कारखाना असा रीतसर बंद झाला, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी त्याव्यतिरिक्त.

महाराष्ट्रातले बरेच मध्यम कारखाने १०० ते ३०० च्या मधले आहेत. तिथे आता परवानगीऐवजी नोटीस पुरेशी आहे. भरपाईचा हक्क कायम आहे, पण सरकारदरबारी बाजू मांडण्याचा टप्पा गेला.

मग बहुतेक ठिकाणी ‘व्हीआरएस’च का?

कारण ती दोन्ही बाजूंना सोयीची असते. मालकाला परवानगी आणि कोर्टकज्जा टाळता येतो. कामगाराला कायद्याने मिळणाऱ्या १५ दिवसांपेक्षा बरीच मोठी रक्कम दिसते. न्यायालयात वर्षानुवर्षे लटकण्याची भीती महाराष्ट्रातल्या कामगाराला कोणी समजावून सांगावी लागत नाही. मुंबईत १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या पूर्ण क्षमतेने पुन्हा सुरूच झाल्या नाहीत आणि थकीत देण्यांचे दावे पुढच्या पिढीपर्यंत चालले. अलीकडचे उदाहरण तळेगावचे. जनरल मोटर्सने तिथले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवले, कामगार संघटना न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला तो जमीन, इमारती आणि यंत्रसामग्रीचा. गेट पुन्हा उघडले, म्हणून जुनी नोकरी परत मिळत नाही.

त्यामुळे व्हीआरएसवर सही करणारा फसलाच, असे म्हणणे बरोबर नाही. मात्र सही करण्यापूर्वी त्या रकमेत नेमके काय धरले आहे, हे पाहायलाच हवे. ‘एकूण १५ लाख’ या आकड्यात अनेकदा ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे आणि थकीत बोनसही मोजलेला असतो. म्हणजे जे कामगाराचे आधीच आहे, तेच त्याला देऊ केले जाते.

हिशेब करून पाहिला तर?

वय ५२, सेवा २४ वर्षे, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६ हजार, असा कामगार धरू. ग्रॅच्युइटी मोजताना महिन्याचे २६ दिवस धरतात. त्यामुळे १५ दिवसांचे १५ हजार, गुणिले २४, म्हणजे ३ लाख ६० हजार. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा २० लाख आहे आणि ती ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाल्यास व्याजासह. बंदची कायदेशीर भरपाई सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपास जाईल.

समजा, ग्रॅच्युइटी वगळून त्याला १२ लाखांची व्हीआरएस मिळाली. ५८ व्या वर्षापर्यंत ७२ महिने आहेत. व्याज सोडून भागाकार केला तर महिन्याला साधारण १६,७०० रुपये पडतात. व्हीआरएसच्या रकमेपैकी, नियमांत बसणाऱ्या योजनेत, ५ लाखांपर्यंतच करमाफी आहे आणि तीही आयुष्यात एकदाच. मुलीचे लग्न किंवा गावाकडचे घर यात यातले सहा लाख गेले, की उरते महिन्याला आठ हजार.

पेन्शन आत्ता घ्यावी की थांबावे?

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. पीएफशी जोडलेल्या ‘ईपीएस-९५’ची पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. दहा वर्षे सेवा झालेल्याला ती ५० नंतर लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. पन्नासाव्या वर्षीच सुरू केल्यास पाव हिश्शाहून जास्त पेन्शन जाते.

वरच्या कामगाराची पूर्ण पेन्शन साडेतीन-पावणेचार हजारांच्या घरात येईल. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५ हजार आहे आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना तर साडेसहा हजारांचीच मर्यादा धरली जाते. (वाढीव पेन्शनचा पर्याय मंजूर झालेल्यांचा हिशेब वेगळा.) ५२ व्या वर्षी घेतली तर हातात पडतील तीन हजारांहून थोडे कमी. ‘लवकर घेणे म्हणजे तोटाच’ असे सरसकट सांगितले जाते, ते मात्र अर्धसत्य आहे. सहा वर्षांत दोन लाखांच्या आसपास आधीच हातात येतात. थांबून मिळणाऱ्या जादा आठ-नऊशे रुपयांनी ही रक्कम भरून निघायला ५८ नंतर जवळपास वीस वर्षे लागतात. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही.

थांबण्याचे खरे कारण वेगळे आहे. पीएफ लागू असलेली दुसरी नोकरी मिळाली तर ही लवकरची पेन्शन घेता येत नाही. उलट जुन्याच ‘यूएएन’ क्रमांकावर सेवेची वर्षे वाढतात. नोकरीची शक्यता असेल तर ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेऊन सेवा राखून ठेवणे शहाणपणाचे.

पीएफच्या शिलकीबाबत विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी निर्णय घेतला. त्यानुसार नोकरी सुटल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली वर्षभराने मिळते. कामगार कपात, स्वेच्छानिवृत्ती किंवा ५५ नंतरची निवृत्ती असेल तर पूर्ण रक्कम काढता येते. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ लिहून देणाऱ्याला ही वाट नाही.

बेरोजगार भत्ता कोणाला?

कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) कारखाना बंद झाल्याने नोकरी गेली तर ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजने’तून दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. पहिले वर्ष वेतनाच्या ५० टक्के, दुसरे वर्ष २५ टक्के. किमान दोन वर्षे वर्गणी भरलेली हवी. पण स्वेच्छानिवृत्ती घेतली तर हा भत्ता नाही. ती ‘स्वेच्छा’ किती खरी होती, हे अर्जाच्या खिडकीवर कोणी विचारत नाही.

दुसरी अडचण पगारमर्यादेची. ईएसआय २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. वीस-पंचवीस वर्षे काढलेला कायम कामगार बहुधा ही मर्यादा ओलांडून बाहेर पडलेला असतो. म्हणजे ज्याला नवी नोकरी मिळणे सर्वांत अवघड, तोच भत्त्याच्या बाहेर. मात्र ईएसआयमध्ये असलेल्या आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहून व्हीआरएस घेणाऱ्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. ही सोय अनेकांना माहीतच नसते.

ईएसआयबाहेरच्यांचा कंपनीचा गट मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, पण हप्ता स्वतःचा आणि अर्ज मुदत संपण्याआधी. मधुमेह, रक्तदाब असलेल्याने हे काम सर्वांत आधी उरकावे.

पतपेढीच्या कर्जाचे काय?

सोसायटीचे कर्ज पगारातून कापले जात असते, तोवर कोणाला चिंता नसते. कारखाना बंद होतो तेव्हा कर्जदार आणि त्याचे जामीनदार एकाच दिवशी बेरोजगार होतात, कारण सगळे एकाच खात्यातले. ज्याने स्वतः पैसा उचललेला नाही, त्याच्या मागेही वसुली लागते. अंतिम हिशेबातून स्वतःचे कर्ज वळते होणार असेल तर त्याचा लेखी तपशील घ्यावा आणि आपण कोणाकोणाला जामीन आहोत, हे पतपेढीतून लिहून आणावे. ग्रॅच्युइटीवर दिवाणी न्यायालयाच्या हुकमानेही जप्ती आणता येत नाही. तरीही सगळी देणी वळती करण्याचे संमतीपत्र व्हीआरएसच्या अर्जासोबत पुढे केले जाऊ शकते. ते न वाचता सही करू नये.