आधी भिंत सुकू द्या

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटला आणि हिच्या हॉलच्या भिंती छतापासून भिजल्या. "मामा, घर अगदी बघवत नाही. रंगारी कधी बोलावू?" मी म्हटले, "रंगारी राहू दे. मेन स्विच बंद केलास का? वायरमनने तपासेपर्यंत चालू करू नकोस."

हे शहाणपण माझे उपजत नाही, पैसे मोजून आलेले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी होते. २ सप्टेंबरला गणपती बसायचे होते. तोवर घर पूर्वीसारखे दिसलेच पाहिजे, हा हट्ट माझाच. सौ. नको नको म्हणत असताना मी भिंतींना प्लास्टिक पेंट लावून घेतला. गणपती थाटात झाले. दिवाळीपर्यंत पोपडे सुटले, लोणा बाहेर आला आणि कपाटामागे काळी बुरशी! रंगाचा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

भिंत वरून कोरडी दिसते, पण विटांनी पाणी धरून ठेवलेले असते. ते बाहेर यायला महिने लागतात. वरून रंगाचा थर दिला की त्याची वाटच बंद. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पाणी शिरल्यावर घर सजवायचे नसते, सुकवायचे असते. पुराचा गाळ ओला असतानाच धुवावा, वाळला की चिकटून बसतो. काही टाकून देण्याआधी फोटो काढावेत, भरपाई मागताना लागतात. फुगलेले प्लास्टर पाडावे, कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रंगाचे उन्हाळा गेल्यावर पाहावे.

भिंतीला रंग पुन्हा देता आला. एक चूक मात्र भरून निघाली नाही. आईचा आमच्याकडे एकच फोटो होता. अल्बममध्ये तो दुसऱ्या फोटोला चिकटला. मी घाईने ओढला आणि चेहराच निघून गेला. नंतर कळले, असे फोटो स्वच्छ, गार पाण्यात भिजवले की पुष्कळदा अलगद सुटतात. मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे, एवढेच!

भाचीला म्हटले, यंदा पाहुण्यांना डागाळलेली भिंत दिसली तर दिसू दे. त्यात लाज कसली?

शाई वाळल्याशिवाय वही मिटू नका, हे वर्गात मुलांना किती वर्षे सांगत आलो. स्वतःच्या घरात मात्र विसरलो.