उंदराला नाक मुरडणाऱ्यांनो!

दिवाळीच्या फराळापुढे हा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडील, तर खुशाल मुरडो! आमच्या परभणी जिल्ह्यात बाईच्या छातीत गाठ आली, तर अजूनही कितीतरी घरांत ती महिनोन् महिने पदराआड दडते. आणि शास्त्रज्ञ त्या गाठीसाठी उंदीर पाळतात असे ऐकले, की पारावरचे शहाणे विचारतात, 'उंदरावरून बाईचे दुखणे काय कळणार?'

ऐका तर! रोग कसा सुरू होतो हे पाहण्यासाठी तो कुणा बाईच्या अंगात मुद्दाम रुजवता येत नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवरच काम केले. स्तनाच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी आणि विषाणूशी असलेला संबंध ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. तो विषाणू उंदरीच्या दुधातून पिलांत जातो. (आपल्या बायकांनी यावरून भिऊ नये, अंगावर पाजल्याने आईचा धोका उलट थोडा घटतो.)

पुढे १९८४ साली अमेरिकेत फिलिप लेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूचा, जनुक चालू करणारा तुकडा एका कर्करोगकारी जनुकाला जोडून उंदराच्या फलित अंड्यात घातला. त्यातून जन्मलेल्या माद्यांना स्तनाच्या गाठी झाल्या. पण दोष अंगभर असूनही गाठ एखाद्याच जागी, तीही दोन-तीन बाळंतपणांच्या सुमारास! म्हणजे एका दोषाने भागत नाही. बिघाडावर बिघाड साचावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. पूर्वजन्मीच्या पापाचा इथे संबंधच कुठे येतो?

उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे खरे. उंदरात लागू पडलेली औषधे माणसात पुष्कळदा फसतात. मुक्या जीवाचे हाल होतात, हेही खरे. म्हणून तर १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो कडकपणे पाळलाच पाहिजे. परंतु मुक्या उंदराची दया येणाऱ्यांना घरातल्या मुक्या बाईची दया का येऊ नये?

रोगाला वाढायला वेळ लागतो. तोच वेळ आपण लाजेपायी त्याला बहाल करतो! प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, सासूने किंवा शेजारणीने नव्हे. तेव्हा भाऊरायांनो, यंदा भाऊबीजेला ओवाळणी थोडी हलकी पडली तरी चालेल. बहिणीला एवढे विचारा, 'ताई, काही लपवत तर नाहीस ना?' आणि ती गप्प राहिली, तर तिला दवाखान्यात घेऊन जा.