बोट ‘प्रायव्हेट’ असते, समुद्र नाही

मंडळी, दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय. देवबाग-तारकर्लीच्या रूम भरायला लागल्यात, किनाऱ्यावर फायबरच्या होड्या रंगवून तयार आहेत. म्हणून हे आत्ताच लिहितोय. एकदा हंगाम सुरू झाला की ऐकायला कोणाला वेळ नसतो, आणि अपघात झाला की सगळ्यांनाच कंठ फुटतो. पोस्ट लांब आहे, पण बोटवाल्यांनी, होमस्टेवाल्यांनी आणि ग्रामपंचायतीतल्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

विषय आहे आपल्याकडची तासा-दीड तासाची खासगी बोट सफर. देवबागच्या संगमावरून निघायचं, कर्ली खाडीत फिरायचं, त्सुनामी आयलंडवर उतरायचं, भोगव्याचा किनारा आणि निवतीच्या किल्ल्याखालचे पिवळे खडक बघायचे आणि नशिबात असेल तर डॉल्फिन. एका बाजूला माडाची रांग, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, मध्ये नदीचं तोंड. इतक्या थोड्या वेळात इतकं काही दाखवणारा किनारा फार ठिकाणी नाही. तेव्हा ही पोस्ट बोट सफरीच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. उलट हा धंदा टिकला पाहिजे म्हणून लिहितोय. ज्या घरात आज्याने रापण ओढली आणि बापाने जाळी टाकली, त्याच घरातला मुलगा आज कर्ज काढून इंजिन घेतो आणि पर्यटक फिरवतो. तो मुंबईला गेला नाही, गावात राहिला, ही छोटी गोष्ट नाही.

माझं म्हणणं एकच आहे. आपली दर ठरवायची पद्धत चुकीची आहे, आणि त्या एका चुकीत माणसांची सुरक्षितता, डॉल्फिन आणि बोटवाल्याचं पोट, तिन्ही अडकलंय.

कसं ते बघा. पर्यटक गाडीतून उतरतो. रस्त्यावरच दोन-तीन जण त्याला गाठतात. ‘सर, डॉल्फिन? सगळे पॉईंट दाखवतो.’ मग घासाघीस. ‘भाऊ, फायनल सांगा.’ ‘ताई, यात पेट्रोलपण सुटत नाही हो.’ बाजूचा शंभर रुपये कमी सांगतो. गिऱ्हाईक तिकडे वळतं. मध्ये गिऱ्हाईक आणणाऱ्याचं कमिशन असतंच. शेवटी बोटवाल्याच्या हातात जे उरतं त्यात पेट्रोल, खलाशाची मजुरी, इंजिनाचा हप्ता आणि पावसाळ्यातले बंद महिने बसवायचे असतात. ते बसत नाहीत. मग तो काय करणार? पेट्रोलचा भाव त्याच्या हातात नाही, बँकेचा हप्ता नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत: एका फेरीत जास्त माणसं घेणं, नाहीतर दिवसात जास्त फेऱ्या मारणं. धक्क्यावर ‘आणखी चार बसतले’ हे वाक्य लोभातून येत नाही, हिशोबातून येतं.

आणि पूर्ण बोट ठरवली तरी सुटका नाही, तिथे उलटं होतं. दर बोटीचा असतो, डोक्याचा नाही. म्हणजे सहा जणांना जो खर्च, तोच बारा जणांना. मग पर्यटकच म्हणतो, ‘आमचे अजून चार जण येतायत, लहान मुलं तर मांडीवर बसतील, बोट आमचीच आहे ना?’ डोक्यावर दर असला की बोटवाला माणसं भरतो, बोटीवर दर असला की पर्यटक स्वतःच भरतो. भाडं भरल्याने बोट तुमची झाली असेल, पण ती किती वजन पेलणार हे त्या भाड्यावर ठरत नाही. आणि मांडीवरचं मूलसुद्धा माणूसच असतं. त्यालाही त्याच्या मापाचं लाईफ जॅकेट लागतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. लहान मापाची जॅकेटं आपल्या किती बोटींवर आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावं.

‘खाडीतच तर फिरतो, काय होतंय?’ हे नेहमीचं उत्तर. देवबागच्या माणसाला सांगायला नको की संगम म्हणजे खाडी नव्हे. सुकती लागली की कर्लीचं पाणी बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि दोघांची गाठ पडते तिथे लाट उभी राहते. तळाला वाळूचे बांध, तेही दरवर्षी जागा बदलणारे. सकाळी शांत दिसणारं पाणी दुपारनंतर वारा सुटला की वेगळंच होतं, एप्रिल-मे महिन्यात तर जास्तच. हे ज्याला कळतं तो तांडेल. पण पाचवी-सहावी फेरी मारताना थकलेल्या तांडेलालाही चूक होते. त्सुनामी आयलंडवर सोडलेली माणसं भरती चढायच्या आत परत उचलायची असतात, हे भान घाईत सुटतं.

२४ मे २०२२ विसरलात का? तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली. बोटीत २० पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. दरवर्षी साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंद असतं. म्हणजे हंगाम संपायला दोन दिवस राहिले होते. शेवटच्या दिवसांत गर्दीही सगळ्यात जास्त आणि समुद्रही बदलायला लागलेला. त्यानंतर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. टीव्हीवाले आले, बैठका झाल्या, तपासण्या झाल्या, आणि नियम पाळणाऱ्या बोटवाल्याचाही धंदा बसला. चूक एका बोटीवर होते, भोगतो अख्खा किनारा.

७ मे २०२३ रोजी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. मासेमारीची बोट बदलून केलेली ती पर्यटक बोट होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली, आणि संध्याकाळची वेळ उलटून गेल्यावर निघालेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, १५ जणांचा जीव गेला. तिथे चूक प्रवासी बोटीची नव्हती. पण त्या बोटीतही क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आपण नीट चालवली तरी समुद्रात दुसरा कोणी चुकू शकतो. जॅकेट त्याच्यासाठी असतं. सीटखाली बांधून ठेवलेलं जॅकेट तपासणीच्या कामाचं, माणसाच्या नाही.

आता डॉल्फिनचं. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. पण सुट्टीच्या दिवसांत सकाळी काय चालतं? एक पाठ वर आली की सहा-सात बोटी तिकडे धावतात. कोणी समोरून आडवा येतो, कोणी कळपाच्या मधून इंजिन घालतो. डॉल्फिन आवाजावर जगतो, आवाजावरच मासा शोधतो आणि पिल्लाला जवळ ठेवतो. इतक्या इंजिनांच्या कल्लोळात तो काय करणार? बुडी मारतो आणि लांब निघतो. मग पर्यटक म्हणतो, ‘डॉल्फिन दिसलाच नाही, पैसे कमी घ्या.’ म्हणजे पुन्हा तीच घासाघीस.

याचंही मूळ दरातच आहे. ‘डॉल्फिन दाखवतो’ असं सांगून फेरी विकली की डॉल्फिन दाखवावाच लागतो, आणि पुढचं गिऱ्हाईक धक्क्यावर उभं असतं म्हणून लवकर दाखवावा लागतो. तेच ‘किनाऱ्याची सफर, डॉल्फिन दिसला तर नशीब’ असं विकलं तर पाठलाग करायची गरजच नाही. इंजिन मंद करायचं, लांब थांबायचं, त्याच्या वाटेत जायचं नाही, एका वेळी दोन-तीनच बोटी. ज्यांनी हे करून पाहिलंय ते सांगतील की शांत बोटीजवळ डॉल्फिन आपणहून येतो.

‘हे सगळं बोलायला ठीक, आपल्याकडे जमणार नाही,’ असं कोणी म्हणेल. त्यांनी मालवणच्या धक्क्यावर जाऊन उभं राहावं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या कशा चालतात? संघटना आहे, तिकीट एका ठिकाणी मिळतं, दर ठरलेला, बोटी पाळीने. तिथे कुठला पर्यटक घासाघीस करताना दिसतो? त्यालाही माहीत असतं की दर सगळ्यांना एकच आहे. तिथे काहीच चुकत नाही असं मी म्हणत नाही. पण पाळी आणि ठरलेला दर आपल्या माणसांना जमतो, हे तर सिद्ध झालंय ना? तसंच वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर करतात. वल्हं मारायचं, जॅकेट घालायचं, झाडं-पक्षी दाखवायचे. सात पॉईंट नाहीत, डॉल्फिनचं आमिष नाही, तरी लोक शोधत जातात.

तेव्हा या हंगामापुरत्या पाच गोष्टी करूया. एकही अशी नाही जिला कोटीचा निधी लागतो.

१. प्रत्येक ठिकाणच्या बोटवाल्यांनी एकत्र बसून तासाचा एकच दर ठरवावा आणि मोठा फलक लावावा. त्याच फलकावर कमिशन किती तेही असावं.

२. टोकन आणि पाळी. ज्याची पाळी त्याची फेरी. गाड्यांच्या मागे धावणं बंद.

३. बोटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अक्षरात नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता, मराठीत आणि हिंदीत. ‘१०’ लिहिलेल्या बोटीत चौदा बसले तर किनाऱ्यावरच्या पोरालाही कळलं पाहिजे.

४. धक्क्यावर वही. किती वाजता कोण गेलं, किती माणसं, किती वाजता परत. बोट वेळेत आली नाही तर शोधायला कोणालातरी कळायला हवं ना?

५. वारा आणि भरती बघून फेरी बंद करायचा अधिकार एका जाणत्या तांडेलाला द्यावा, आणि त्याने बंद म्हटलं की सगळ्यांनी बंद. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने त्याचं गिऱ्हाईक न्यायचं, हे चालणार नाही.

बंदर विभागाला एकच सांगणं आहे. सर्वेक्षण हंगामाच्या आधी पूर्ण करा, आणि तपासणी अपघातानंतर नव्हे तर २५ ते ३१ डिसेंबरच्या गर्दीत धक्क्यावर उभं राहून करा. कागद अडवून ठेवून गरीब बोटवाल्याला हेलपाटे घालायला लावू नका. कागद मिळवणं सोपं असेल तर कागदाशिवाय चालवणाऱ्याला पाठीशी घालायचं कारण कोणालाच उरणार नाही.

काही मित्र म्हणतील, दर ठरवला तर पर्यटक गोव्याला जातील. शंभर-दोनशे रुपयांसाठी कोणी देवबागहून गोव्याला जात नाही. जो जातो तो फसवलं गेल्याच्या रागाने जातो. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने निम्म्या पैशात तीच फेरी केली हे कळलं की तो घरी जाऊन दहा जणांना सांगतो. ठरलेला दर त्याच्याही फायद्याचाच आहे.

आणि पर्यटक मित्रांनो, तुम्हीही वाचत असाल तर ऐका. आमच्याकडे या, जरूर या. सकाळची फेरी घ्या. बसण्याआधी तीन प्रश्न विचारा: किती जणांची बोट आहे, मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का, आणि आज भरती कधी आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो न अडखळता देईल त्याच्या बोटीत बसा आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. तुम्ही जे शंभर रुपये वाचवता ते बोटवाला कुठून तरी काढतोच, आणि बहुतेक वेळा ते तुमच्याच बाजूच्या बाकावरून काढतो.

बोटवाल्या भावांनो, तुमचं म्हणणं वेगळं असेल तर खाली लिहा, अगदी शिव्या घाला. पण दिवाळीआधी एकदा एकत्र बसा. चहा मी पाजतो.